मुक्तद्वार बैठकीचा खर्च कोणी उचलायचा?

पत्र

सप्रेम नमस्कार. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं संगीत मंडळ आहे. बावीस वर्षं आम्ही शास्त्रीय गायन-वादनाच्या बैठकी घेतो आहोत, वर्षाला दहा. पहिल्या दिवसापासून प्रवेश मुक्तद्वार. साठ-सत्तर श्रोते येतात. सभासद चाळीस, वर्गणी पाचशे रुपये. दाराशी देणगीची पेटी असते, तीत दर कार्यक्रमाला दोनेक हजार जमतात. पाच लाखांच्या ठेवीचं व्याज वर्षाला बत्तीस हजार येतं. बाकी सगळा भार आमचे संस्थापक डॉक्टर स्वतः उचलायचे. मार्गशीर्षात ते गेले.

एका कार्यक्रमाला अठ्ठावीस हजार लागतात. सभागृह ४,५००, ध्वनिव्यवस्था ५,५००, गायक ८,०००, तबला आणि पेटी (हार्मोनियम) प्रत्येकी २,०००, प्रवास ४,००० आणि चहा-नाश्ता, हार, फलक, पत्रिका मिळून २,०००. गेल्या कार्यक्रमात गायकांना पाच हजार आणि तबलजींना बाराशेच देता आले. ‘उरलेले नंतर देतो’ म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

आता कार्यकारिणीत तीन मतं आहेत. काही म्हणतात, तिकीट लावा. काही म्हणतात, गावातले एक बांधकाम व्यावसायिक सगळा खर्च द्यायला तयार आहेत, घ्या. त्यांची अट अशी की मंचावर त्यांचा फलक हवा, मध्ये सत्कार हवा आणि ‘लोकांना आवडेल असं’ गाणं हवं. तिसरं मत असं की डॉक्टरांबरोबरच मंडळही संपलं असं मानावं. मी सहासष्ट वर्षांची आहे, कार्यवाह म्हणून सगळं मीच बघते. वार्षिक सभा महिन्यावर आली आहे. काय करावं?

— एक कार्यवाह

उत्तर

नमस्कार ताई,

मंडळ बंद करू नका. तालुक्याच्या गावात साठ-सत्तर माणसं दर महिन्याला ख्याल ऐकायला येऊन बसतात, हे बावीस वर्षांनी तुमच्या हाती आलेलं धन आहे. पैसा पुन्हा उभा करता येतो, असा श्रोता एकदा पांगला की गोळा होत नाही.

पण वार्षिक सभेच्याही आधी एक काम करा. त्या गायकांचे तीन हजार आणि तबलजींचे आठशे या आठवड्यात पाठवा. ठेवीच्या व्याजातून पाठवा, आणि सोबत दोन ओळींचं पत्र लिहा. ते काही बोलले नाहीत म्हणून ती रक्कम माफ झालेली नाही. कोल्हापूर-गोव्याकडून साथीला येणारा तबलजी त्या एका संध्याकाळसाठी दोन दिवस मोडतो, शिकवण्या बुडवतो, आणि मानधन कमी मिळालं तरी संकोचाने गप्प बसतो. आपल्याकडे त्या गप्प बसण्यावर पुष्कळ संस्था चालल्या आहेत.

तुमच्या आकड्यांवरून मला काय दिसलं ते सांगते. दहा कार्यक्रमांचे दोन लाख ऐंशी हजार. वर्गणी वीस हजार, पेटी वीस हजार, व्याज बत्तीस हजार, म्हणजे जमा बहात्तर हजार. उरलेले दोन लाख आठ हजार दर वर्षी डॉक्टर घालत होते. म्हणजे तुमचं मुक्तद्वार फुकट कधीच नव्हतं. एक माणूस सगळ्यांच्या वतीने पैसे भरत होता आणि त्याबद्दल बोलत नव्हता. ते गेल्यावर तो भार नकळत कलाकारांच्या अंगावर सरकला, गेल्या कार्यक्रमात झालं ते हेच. प्रवेश स्वस्त किंवा मोफत ठेवायचा तर त्याची किंमत कोणीतरी मोजणारच आहे. ती ऐकणाऱ्यांनी वाटून घ्यावी, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या माथी येऊ नये. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता तिकिटाचं. तिकिटात कमीपणा काहीच नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेहून बाहेर पडल्यावर सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली, ती गाणं दरबाराबाहेर, साध्या माणसापर्यंत यावं म्हणूनच. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालला आहे आणि तिथेही खुर्चीपेक्षा भारतीय बैठकीचं तिकीट कितीतरी स्वस्त असतं, म्हणून विद्यार्थी तिथे सगळे दिवस बसू शकतात. करांचीही अडचण नाही: संगीताच्या कार्यक्रमाचा प्रवेश माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, आणि शास्त्रीय कलाकाराचं एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखाच्या आत असेल तर त्यावरही नाही.

माझी हरकत वेगळी आहे. छोट्या गावात तिकीट खपतं ते नावावर. एकदा तिकिटावर विसंबलात की पुढचा कलाकार ठरवताना ‘हे नाव खपेल का?’ हा प्रश्न आधी येईल. नाव मोठं म्हणजे मानधन मोठं, मानधन मोठं म्हणजे सभागृह मोठं, आणि दोन वर्षांत तुम्ही वर्षाला एकच झगमगीत कार्यक्रम करणारी संस्था व्हाल. पंचविशीतला एखादा सारंगीवादक, नुकती गुरूकडून बाहेर पडलेली एखादी गायिका, यांना मग तुमच्या गावात जागा उरणार नाही. वार्षिक सभासदत्वात हे होत नाही. सभासद पूर्ण मालिकेचे पैसे आधी देतो, म्हणून त्याला माहीत नसलेला कलाकारही तुम्ही त्याच्यापुढे बसवू शकता. महाराष्ट्रातल्या संगीतसंस्था याच वाटेने आल्या आहेत. मुंबईची पारशी गायन उत्तेजक मंडळी १८७० ची, पुण्याचा गायन समाज १८७४ चा, कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ चा, भास्करबुवा बखल्यांनी काढलेला भारत गायन समाज १९११ चा. आश्रयदाते प्रत्येकीला होतेच, पण गाणं ऐकण्यासाठी माणसांनी एकत्र येऊन संस्था धरायची, ही रीत त्यांनी घालून दिली.

पाचशेची वर्गणी हजार करा. सत्तर सभासद हजार रुपयांचे आणि दहा आश्रयदाते तीन हजारांचे, झाले एक लाख. चाळिसाचे ऐंशी कसे होतील ते पुढे सांगते. व्याजाचे बत्तीस हजार. दोन कार्यक्रम कोणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ, दहा-दहा हजारांचे. यातला पहिला डॉक्टरांच्या नावाचा असू दे, त्यांचे जुने रुग्णच तेवढे गोळा करतील. पेटीत सहा कार्यक्रमांना तीन-तीन हजार, म्हणजे अठरा. पेटीत आज दोनच जमतात हे खरं, पण कोणी तिच्याबद्दल बोलत नाही म्हणून. सुरुवातीला एकाने उभं राहून आजच्या कार्यक्रमाचा खर्च किती आला तो आकडा सांगायचा आणि बसायचं, एवढ्याने फरक पडतो. एकूण एक लाख सत्तर हजार.

एवढ्यात दहा बैठकी होणार नाहीत. सहा होतील, आणि त्या चांगल्या होतील. चार मोठ्या: गायकाला पंधरा हजार, तबला आणि पेटीला पाच-पाच, प्रवासाला चार, जागेला एक, चहापाण्याला दीड, मिळून साडेएकतीस. दोन तरुण कलाकारांच्या: सहा हजार, साथीला अडीच-अडीच, प्रवास दोन, जागा आणि चहापाणी एकेक, म्हणजे पंधरा. चार मोठ्यांचे एक लाख सव्वीस, दोन लहानांचे तीस, आणि हिशेब तपासणी, पत्रव्यवहार, अडीअडचण यांना चौदा. जमा-खर्च तिथल्या तिथे मिटतो.

जागेला एक हजार आणि ध्वनिव्यवस्थेला शून्य, हे वाचून तुम्ही थांबला असाल. तुमच्या खर्चाची यादी पुन्हा बघा. सभागृह आणि ध्वनिव्यवस्था मिळून दहा हजार, आणि गायक, तबलजी, पेटीवाले तिघे मिळून बारा. साठ-सत्तर माणसांसाठी! एवढ्या श्रोत्यांना खरं तर नाट्यगृह लागतच नाही. तुमच्या गावात वाचनालय असेल, त्याचं वरचं दालन बघा. शाळेचा मोठा वर्ग, एखाद्या जुन्या घराची ओटी-माजघर, देवळाचा सभामंडप. खाली जाजम, सतरंज्या अंथरा, खिडक्यांना जाड पडदे लावा, म्हणजे आवाज घुमत नाही. भिंतीला टेकून बसणाऱ्या वयस्कांसाठी मागे दोन रांगा खुर्च्यांच्या. सत्तर माणसांत गायकाचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय पोचतो, आणि तानपुऱ्याचा झंकार तसा ऐकला की श्रोत्याचा कान कायमचा बदलतो. कलाकाराला मात्र आमंत्रण देतानाच विचारा. काहींना आता माइकशिवाय गाण्याची सवय राहिलेली नाही. त्यांच्यासाठी दोन माइक आणि एक छोटा स्पीकर असा संच कोणा सभासदाकडून मिळवून ठेवा. पंख्यांचा आवाज ही बंदिस्त खोलीतली खरी पीडा असते, तो आधी बसून ऐका.

म्हणून हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा धरा. पंखे बंद ठेवता येतात. दमट हवेत तबल्याचं कातडं ढिलं पडतं, सूर उतरतो, तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकार) बिघडते, आणि वादकाचा अर्धा वेळ सूर मिळवण्यात जातो. थंडीत हा त्रास कमी. जून-जुलैत भातलावणीच्या दिवसांत कोणी येत नाही हे तुम्हीही पाहिलं असेल. आणि सहांतल्या निदान दोन बैठकी रविवारी सकाळी साडेनऊला घ्या. आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून येणाऱ्यांना संध्याकाळच्या शेवटच्या एस.टी.ची धास्ती असते, ख्यालाचा शेवटचा जलद भाग, म्हणजे द्रुत, सुरू झाला की ते घड्याळ बघू लागतात. सकाळी ती चिंता नाही. शिवाय सगळ्या बैठकी संध्याकाळी झाल्या की यमन, पूरिया कल्याण, बागेश्री हेच फिरून येतात. तोडी, जौनपुरी, अल्हैया बिलावल, शुद्ध सारंग समोर बसून ऐकायला मिळणं किती दुर्मीळ झालं आहे! गावाने हे ऐकावं असं मला फार वाटतं.

प्रवासखर्चात तुमचं गाव भाग्यवान आहे. खाली गोवा, घाट चढलं की बेळगाव आणि कोल्हापूर. तिन्हीकडे शास्त्रीय संगीताची जुनी परंपरा, उत्तम कलाकार आणि चालत्या संस्था. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, जितेंद्र अभिषेकी ज्या भूमीतून आले ती तुमच्यापासून रेल्वेने दोन-तीन तासांवर. मुंबई-पुण्याच्याच नावांकडे बघायची गरज नाही. पुण्याहून कोणी येणार असेल तर बेळगाव किंवा गोव्यातल्या एखाद्या मंडळाला आधी फोन करा: शनिवारी त्यांच्याकडे, रविवारी तुमच्याकडे. प्रवास दोघांत वाटला जातो आणि कलाकाराला एका फेरीत दोन मानधनं मिळतात. साथीदारांना पैसे मुख्य कलाकाराच्या हातून देऊ नका, त्यांच्या त्यांच्या खात्यात द्या, कार्यक्रमाच्या दिवशीच. ही खबर कलाकारांत फार लवकर पसरते आणि मग तुमच्या छोट्या मंडळाला होकार पटकन मिळतो.

सभासद कुठून आणायचे? दोन ठिकाणं सांगते. पहिलं, गायन-वादनाचे वर्ग. तुमच्या तालुक्यात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांना बसणारी मुलं नक्की असतील. त्यांतल्या कितीतरी जणांनी पूर्ण ख्याल, आलापापासून द्रुतापर्यंत, समोर बसून एकदाही ऐकलेला नसतो. विद्यार्थ्यांना सभासदत्व मोफत द्या आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवा. मध्यमा-विशारदच्या मुलींना तानपुऱ्यावर बसवा. पाल्य तानपुऱ्यावर बसलेला असला की आई-वडील हजार रुपये भरतात. शक्य झालं तर पाहुण्या कलाकाराचा तासभर मुलांसाठी ठेवा, त्याचं मानधन वेगळं मोजून. देशात हे काम स्पिक मॅके या संस्थेने १९७७ पासून शाळा-कॉलेजांत केलं आहे. तुमच्या गावापुरतं ते तुम्ही करू शकता.

दुसरं ठिकाण म्हणजे भजनी मंडळं. सिंधुदुर्गात डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, रात्र रात्र माणसं बसतात. तिथले बुवा पेटीवर तयार असतात, पखवाजवाल्यांचं लयीचं ज्ञान पक्कं असतं, ऐकणाराही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवतो. तरी शास्त्रीय बैठकीला ही मंडळी येत नाहीत, कारण ‘ते आपल्यासाठी नाही’ असं त्यांना कोणीतरी वागण्यातून सांगितलेलं असतं. त्यांच्या घरी जाऊन आमंत्रण द्या. एखादी बैठक पखवाज आणि धृपदाची ठेवा आणि त्या दिवशी तालुक्यातल्या पखवाजवादकांना मानाने पुढे बसवा. तुमचे पुढचे वीस सभासद तिथे आहेत असं मला मनापासून वाटतं.

आणि चाकरमानी! मे महिन्यात आणि गणपतीत गाव भरलेलं असतं. त्या दिवसांत कार्यक्रम नको, घरोघर आरत्या-भजनं चाललेली असतात. पण वर्गणी त्याच दिवसांत गोळा करा. मुंबईत राहणारा माणूस सहांतल्या एकाही बैठकीला येऊ शकणार नाही, तरी आपल्या गावात असं काही चालतं याचा त्याला अभिमान असतो. आश्रयदाते तुम्हाला त्यांच्यातच मिळतील.

बांधकाम व्यावसायिकांना नाही म्हणू नका, पण त्यांच्या अटींना नाही म्हणा. सगळा खर्च एकाकडून घेणं म्हणजे डॉक्टरांच्या जागी दुसरा माणूस बसवणं, आणि डॉक्टरांनी कधी काही मागितलं नव्हतं. वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त रक्कम एका देणगीदाराकडून घ्यायची नाही, असा ठरावच करा. त्यांचं नाव पत्रिकेवर आणि दाराशी लावा, कलाकाराच्या पाठीमागे नको. कार्यक्रम सुरू होण्याआधी दोन मिनिटं आभार. संथ विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये शाल-श्रीफळ अजिबात नको; रंगलेली बैठक तिथे मोडते आणि पुन्हा जुळत नाही. त्यांना लोकप्रिय गाणी हवी असतील तर दिवाळी पहाट त्यांच्या नावाने करा, अभंग, नाट्यगीतं, भावगीतं, खुल्या पटांगणात, खर्च सगळा त्यांचा आणि हिशेब वेगळा. त्यात कमी काही नाही, गावाला आनंदच होईल. एवढं फक्त लेखी ठरवून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. मंडळ नोंदणीकृत असेल तर डॉक्टरांच्या निधनानंतर विश्वस्तांतला बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. चेंज रिपोर्ट गेला आहे का ते आजच बघा, मुदत गेली असेल तर उशीर माफीच्या अर्जासह द्या. बँकेतल्या सह्याही बदला. देणगीवर करसवलत देण्याची मंजुरी मंडळाकडे असेल तर देणगीदारांना सांगा की दोन हजारांवरची रक्कम रोख दिली तर सवलत मिळत नाही. नसेल तर एकदा सनदी लेखापालाला विचारून अर्ज करा. आणि ठेव मोडू नका, कोणत्याही कारणाने.

तुमच्याविषयी एक बोलायचं आहे. ‘सगळं मीच बघते’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण डॉक्टरांच्या बाबतीत जे झालं ते उद्या कार्यवाहांच्या बाबतीत होईल. कलाकारांशी बोलणं तुमच्याकडे ठेवा, ते तुमच्या नात्यांवर चालतं. पैसे आणि पावत्या एकाकडे, जागा आणि व्यवस्था दुसऱ्याकडे, शाळा-वर्ग-भजनी मंडळं तिसऱ्याकडे द्या. यातले निदान दोघे पस्तिशीच्या आतले असू देत. त्यांचं काम तुमच्यापेक्षा थोडं वेगळ्या पद्धतीने होईल, होऊ द्या. प्रत्येक कार्यक्रमाचा जमाखर्च एका कागदावर लिहून दाराशी लावत जा. ज्याने हजार दिले त्याला ते कुठे गेले हे विचारावं लागू नये.

वार्षिक सभेत तीन ठराव मांडा: वर्गणी हजार, बैठकी सहा, एका देणगीदाराची मर्यादा एक चतुर्थांश. कोणी म्हणेल, दहाच्या सहा म्हणजे माघार. त्यांच्यापुढे गेल्या वर्षाचा आणि येत्या वर्षाचा हिशेब शेजारी शेजारी ठेवा. ऐंशी सभासद नाही झाले, साठच झाले तर पाच बैठकी करा. चाळीसच राहिले तर चार, आणि त्यांतल्या दोन तरुण कलाकारांच्या. बैठकींची संख्या दर वर्षी कमी-जास्त होऊ शकते. मानधनाचे ठरलेले आकडे खाली आणायचे नाहीत, हेही ठरावातच लिहा. आणि ठराव वाचायला त्या दोन तरुणांपैकी एकाला उभं करा.